वारा सगळ्यांनाच होता

मराठीच्या प्राध्यापकाने बंदुकीवर लिहायला बसावे, याचे माझ्या ओळखीच्या मंडळींना हसू येईल. मी आजवर चालवलेले एकमेव हत्यार म्हणजे तांबड्या शाईचे पेन. आणि त्याचाही नेम नेहमी बरोबर लागतो असे माझे विद्यार्थी म्हणणार नाहीत. परंतु गेले वर्षभर आमच्या घरात बंदूक, गोळी आणि वारा याखेरीज दुसरा विषय नाही, आणि घरात जे शिजते तेच पाहुण्याच्या पानात पडते. तेव्हा वाचकहो, यंदा दिवाळीच्या फराळाला हे गोड मानून घ्या.

मराठी भाषेने वाऱ्याला फारसा चांगला वागवलेला नाही. कुणाची जबाबदारी झटकली की त्याला आपण 'वाऱ्यावर सोडतो'. पोर अनावर झाले की ते 'वारा प्यायलेले' असते. एखाद्याचे तोंड पाहायचे नसले की त्याच्या 'वाऱ्यालाही उभे राहत नाही'. शहाण्या माणसाने काय करावे, तर वारा वाहील तशी पाठ द्यावी, असे म्हण सांगते. एकूण, वारा म्हणजे ज्याच्यावर काहीही ढकलावे आणि ज्याने कधी उलट उत्तर देऊ नये असा एक गरीब नातेवाईक आहे. हे मला वर्गात शिकवताना कधी जाणवले नव्हते. माझ्या मुलीने ते एका वाक्यात शिकवले. ते वाक्य दोनच शब्दांचे होते : "वारा होता."

आमची कन्या रायफल चालवते. भोरहून एस.टी.ने स्वारगेट आणि तिथून पुढे सराव, असे तिचे शनिवार-रविवार जातात. पहिली दोन वर्षे ती दहा मीटरची एअर रायफल खेळली. ती बंद दालनात, पंख्याचा वारासुद्धा न लागेल अशा ठिकाणी. तिथे तिचे बरे चालले होते. मग यंदाच्या उन्हाळ्यात तिने पन्नास मीटरची, पालथे पडून झाडायची स्पर्धा धरली. इथे नेमबाज असतो छपराखाली, पण गोळी जाते उघड्या आभाळाखालून. पन्नास मीटर म्हणजे किती? आमच्या आळीच्या या टोकाच्या ओट्यावरून त्या टोकाच्या पिंपळापर्यंत. एवढ्या अंतरात वारा काय करणार, असे मला वाटले होते.

वारा काय करतो ते आता सांगतो. त्या निशाणाच्या मधोमध जो दहा गुणांचा ठिपका असतो, त्याचा व्यास आहे १०.४ मिलिमीटर, म्हणजे चांगला टपोरा वाटाणा. त्याच्याभोवतीची वर्तुळे एकेका बाजूने आठ-आठ मिलिमीटरने वाढत जातात. पॉइंट टू-टू रायफलीची गोळी ५.६ मिलिमीटर जाडीची. आता आडवा वारा ताशी पाच किलोमीटरचा असला, म्हणजे उदबत्तीची वळी मोडेल आणि कपाळावरचा घाम जेमतेम वाळेल एवढाच असला, तरी पन्नास मीटरवर गोळी सुमारे आठ मिलिमीटर सरकते. दहाचे नऊ झाले. वारा सोळा किलोमीटरचा झाला की इंचभर सरकते. दहाचे सात झाले. आणि ज्या खेळात साठ गोळ्यांनंतर पहिला आणि आठवा यांच्यात दोन-चार गुणांचे अंतर असते, तिथे सात म्हणजे घरी जाण्याचे तिकीट.

त्या दिवशी माझ्या मुलीने अशी तिकिटे बरीच काढली. पहिल्या गोळ्या उजवीकडे गेल्या म्हणून तिने साइट डावीकडे फिरवली. तोवर वारा पडला आणि गोळ्या डावीकडे गेल्या. तिने साइट परत उजवीकडे आणली. वारा पुन्हा उठला. एखादा माणूस चुकलेल्या एस.टी.च्या मागे धावतो आणि तोवर दुसरीही निघून जाते, तशी ती शेवटपर्यंत मागच्या गोळीच्या मागे धावत राहिली. परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली. कात्रजचा बोगदा ओलांडल्यावर मी विचारले, "काय झालं गं?" तेव्हा ती म्हणाली, "वारा होता." कापूरहोळला उतरेपर्यंत पुढे काही नाही. घरी आल्यावर रायफलीचे जाकीट तिने माळ्यावर टाकले, हे मात्र मी पाहिले.

मी बाप आहे. मी तिची बाजू घेतली. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाऱ्याचे वर्णन करून सांगू लागलो. दर खेपेला माझ्या वर्णनातला वारा थोडा वाढत होता. शेवटी सुट्टीत आम्ही तात्यांकडे गेलो तेव्हा त्याचे जवळजवळ वादळ झाले होते.

तात्या माझे धाकटे चुलते. वेल्ह्याकडे, गुंजवणी नदीच्या खोऱ्यात, राजगडाच्या सावलीत त्यांचे घर. त्या तालुक्याला आता राजगडाचेच नाव दिले आहे, पण तात्या अजून 'वेल्ह्याला जाऊन येतो' असेच म्हणतात. पलटणीतून हवालदार होऊन निवृत्त झाले. चांदमारीत त्यांचा हात चांगला होता, पलटणीच्या संघातून तीनशे मीटरवर ते खेळलेले. आता भात, नाचणी आणि दोन म्हशी. ओटीवर तंबाखू मळत त्यांनी माझे वादळ शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि मग नातीकडे वळून विचारले :

"पोरी, तुझ्या शेजारी किती जणी झोपल्या होत्या?"

"वीस-बावीस."

"मग वारा काय तुझ्या एकटीच्याच गोळीला लागला व्हय?"

ती काही बोलली नाही. मी काहीतरी बोलणार होतो, पण तात्यांनी माझ्याकडे पाहिलेच नाही. ते उठून आत गेले आणि काकूचे एक जुने लुगडे घेऊन आले.

पुढचे आठ दिवस आमच्याकडे बंदुकीशिवाय नेमबाजी चालली. मे महिन्यात भाताची खाचरे कोरडी ठाक असतात. तात्यांनी लुगड्याच्या चिंध्या काढल्या, काठ्यांना बांधल्या आणि दर दहा पावलांवर एक अशा खाचरातून ओळीने रोवल्या. नातीला एका टोकाला पालथे पाडले. हातात काही नाही. नुसते बघायचे आणि सांगायचे : वारा कुठून, किती, आणि आता काय करणार. सकाळी खोऱ्यात पान हलत नसे. अकरानंतर जमीन तापली की चिंध्या चाळवायला लागत, आणि तिसऱ्या प्रहरी कोकणाकडून घाट चढून येणारा पश्चिमेचा वारा सगळ्या चिंध्या आडव्या करी. पण सगळ्या एकसारख्या नव्हे, हीच त्यातली गंमत. बांधाआडची चिंधी मेल्यासारखी लोंबे, मधली फडफडे आणि ओढ्याकडची सरळ उलट्या दिशेला तोंड करी. पन्नास पावलांच्या एका खाचरात तीन वारे!

"यातली कुठली खरी?" मुलीने विचारले.

"समद्याच खऱ्या. पण गोळी निघते तुझ्याजवळून. जवळच्या वाऱ्यानं तिला वाकडी लावली की पुढची समदी वाट ती वाकडीच जाते. म्हणून आधी जवळची बघ, मग लांबची. आणि लांबची बघायची सोडू नगंस."

आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे पन्नास मीटरच्या मैदानावर दहा आणि तीस मीटरवर वाऱ्याचे छोटे ध्वज लावलेले असतात, हे मला मुलीकडून नंतर कळले. लुगड्याच्या चिंध्या आणि ते ध्वज यांच्यात फक्त कापडाचा फरक.

एके पहाटे तात्यांनी आम्हा दोघांना राजगडावर पिटाळले. "सुवेळा माचीच्या नेढ्यात जाऊन बसा आणि या," एवढाच हुकूम. गुंजवणे गावातून धापा टाकत आम्ही चढलो. सुवेळा माचीच्या कातळाला आरपार पडलेले ते भोक ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ठाऊक असेल की खाली घामाने भिजलेला माणूस वर नेढ्यात पाच मिनिटे बसला की त्याला उपरणे पांघरावेसे वाटते. वारा त्या भोकात असा घुसतो की बोललेला शब्द तोंडाबाहेर पडण्याआधी मागे जातो. पण नेढ्यातून उतरून कातळाच्या आडोशाला दहा पावले गेलो, तर रुमालसुद्धा हलेना. मुलगी दोन्हीकडे चार-चार वेळा जाऊन आली. परत निघताना म्हणाली, "बाबा, त्या मैदानावर डावीकडे दोन भिंतींमध्ये फट होती. माझ्या समोरच." तीन आठवड्यांत तिने त्या दिवसाविषयी बोललेले हे पहिले वाक्य.

वारा गोळीला नेमका ढकलतो कसा, हे मात्र मला कळत नव्हते. माझी समजूत अशी की कागदाचा कपटा उडावा तशी गोळी बाजूला उडते. तसे असते तर पन्नास मीटरवर ती इंचभर नव्हे, दोन फूट सरकली असती. कारण तेवढे अंतर जायला तिला सेकंदाचा सहावा भाग लागतो आणि तेवढ्या वेळात ताशी सोळा किलोमीटरचा वारा दोन फुटांहून अधिक पुढे जातो. तात्यांनी याचे उत्तर सुपात दाखवले. भाताची मूठ उंचावरून सोडली. भरलेले दाणे जवळजवळ सरळ खाली पडले, पोचट दाणे हातभर लांब गेले आणि भूस थेट म्हशीच्या अंगावर. वारा एकच. ज्याला हवा अडवू शकते, त्याला वारा वाहून नेतो. जे हवेला दाद देत नाही, ते वाऱ्यालाही देत नाही.

शास्त्रात याचा हिशेब फार सुंदर आहे. हवाच नसती तर गोळीला जेवढा वेळ लागला असता आणि हवेतून जाताना तिला खरोखर जेवढा वेळ लागतो, या दोहोंतला फरक काढायचा. म्हणजे हवेने तिला जो उशीर केला, तो. त्या उशिराला आडव्या वाऱ्याच्या वेगाने गुणले की गोळी किती सरकली ते येते. गोळीला वारा नडत नाही. तिला झालेला उशीर नडतो. आणि म्हणूनच पॉइंट टू-टूमध्ये एक उलटी गंमत आहे. जास्त वेगाचे काडतूस घेतले तर वाऱ्याचा त्रास कमी होईल, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात तो वाढतो. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. त्याच्या आसपास हवेचा अडथळा एकाएकी वाढतो. स्पर्धेची काडतुसे मुद्दाम त्याच्या थोडी खालच्या वेगाची बनवतात. जोरात निघालेली गोळी त्या अडथळ्यात सापडते, तिला जास्त उशीर होतो आणि ती जास्त वाहवते. घाई केल्याने उशीर होतो, ही आपल्या वडीलधाऱ्यांची शिकवण इतक्या काटेकोर रीतीने सिद्ध झालेली मी दुसरीकडे पाहिली नाही.

पन्नास मीटरची ही कथा, तर हजार यार्डांची काय असेल! हजार यार्ड म्हणजे अर्ध्या मैलाहून जास्त. भोरच्या चौपाटीवरून मारलेली गोळी गावाबाहेर जाईल. एवढ्या अंतरावरच्या नेमबाजीला इंग्रजांनी खेळाचे रूप दिले. २ जुलै १८६० रोजी लंडनजवळ विंबल्डनच्या माळावर त्यांच्या राष्ट्रीय रायफल संघटनेचा पहिला मेळा भरला आणि व्हिक्टोरिया राणीने स्टँडवर पक्क्या बसवलेल्या रायफलीचा रेशमी दोर ओढून पहिली गोळी झाडली. १८९० पासून तो मेळा सरे परगण्यातल्या बिस्ले येथे भरतो. तिथल्या सर्वांत मानाच्या स्पर्धेची अखेर नऊशे आणि हजार यार्डांवर होते.

तिथली गोळी सुरुवातीला सेकंदाला सुमारे नऊशे मीटर वेगाने निघते. हवा नसती तर तिने हजार यार्ड एका सेकंदात कापले असते. हवेतून जाताना दीड सेकंदाहून थोडे अधिक लागते. हा अर्ध्या सेकंदाचा उशीर. ताशी दहा मैलांचा आडवा वारा असेल तर तीनशे यार्डांवर ती सातएक इंच सरकते, सहाशेवर अडीच फूट, आणि हजारावर आठ फूट! अंतर तिपटीहून थोडे जास्त आणि चूक जवळजवळ चौदापट. मधला 'बुल' असतो दोनएक फुटांचा. म्हणजे नेमबाज निशाणावर नेम धरतच नाही. साइट फिरवून तो निशाणाबाहेरच्या मोकळ्या हवेवर, वाऱ्याच्या भरवशावर गोळी सोडतो. शिवाय वाटेत ती नेमाच्या रेषेपेक्षा दहा-बारा फूट उंच जाते, आणि तिथला वारा जमिनीलगतच्यापेक्षा जोराचा असतो.

या बिस्लेच्या मेळ्यात आपल्या महाराष्ट्राचे एक नाव आहे, हे वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. तिथे 'कोलापोर' नावाचा सामना होतो. कोलापोर म्हणजे आपले कोल्हापूर! कोल्हापूरच्या महाराजांनी दिलेला तो चषक. १८७० च्या दशकापासून कॅनडापासून जर्सी-गर्न्सीच्या बेटांपर्यंतचे संघ त्यासाठी झुंजत आले आहेत. आठ-आठ जणांचे संघ. अंतरे तीनशे, पाचशे आणि सहाशे यार्ड. १८७० सालीच कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज विलायतेला गेले होते. परतताना त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये त्यांचे निधन झाले आणि आर्नो नदीकाठी त्यांची छत्री उभी राहिली. मालक गेले, राज्य गेले, साम्राज्यही गेले. पण परदेशच्या माळावर वारा पाहत पालथे पडलेले लोक अजून 'कोलापोर'साठी नेम धरतात. आणि कोल्हापूरने नेमबाजीचे ऋण दुसऱ्या रीतीनेही फेडले. २०१० साली म्युनिकला पन्नास मीटरच्या प्रोन प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण मिळवून जगज्जेती झाली ती कोल्हापूरची तेजस्विनी सावंत. आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनचे कांस्यपदक ४५१.४ गुणांनी मिळवले ते राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने.

बिस्लेच्या सांघिक सामन्यांतली एक पद्धत मला फार आवडली. तिथे वारा वाचणारा माणूस वेगळा असतो. तो दुर्बिणीला डोळा लावून मागे बसतो आणि सांगतो, 'डावीकडे इतके'. पुढचा माणूस तेवढी साइट फिरवतो आणि चाप ओढतो. गोळी चुकली तर नेमबाजाला काही बोल नाही. वारा वाचणारा म्हणतो, 'माझी चूक.' वाऱ्याची जबाबदारी घेणारा माणूस! मी तात्यांना म्हणालो, "तुम्हीच का तिच्या मागे बसत नाही?" ते म्हणाले, "तिच्या खेळात मागनं बोलायचं नसतं. आणि जन्मभर कोण बसणार हाय तिच्या मागं?"

वारा वाचण्याची तात्यांची एकेक युक्ती ऐकण्यासारखी. निशाण बारा वाजण्याच्या जागी धरायचे. तीन किंवा नऊ वाजण्याच्या दिशेचा वारा पूर्ण मोजायचा. एक वाजण्याच्या दिशेचा निम्मा. समोरून किंवा पाठीमागून येणारा वारा निरुपद्रवी दिसतो, पण तोच सर्वांत लबाड. तो जरासा या अंगाला झुकला तर गोळी डावीकडे, त्या अंगाला झुकला तर उजवीकडे. मोठ्या मैदानावरचा ध्वज काठीपासून चाळीस अंश उचलला गेला, तर चाळिसाला चाराने भागायचे : वारा ताशी सुमारे दहा मैल.

आणि मृगजळ! या शब्दाने मला चाळिशीनंतर चकवले. आमच्या कवींनी मृगजळाला फसवणुकीचे प्रतीक करून ठेवले आहे. मी स्वतः वर्गात त्यावर किती तास बोललो असेन. नेमबाजाला मृगजळासारखा प्रामाणिक साक्षीदार नाही. दुर्बीण निशाणाच्या थोडी अलीकडे जुळवली की तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेच्या लाटा दिसतात. वारा नसला की त्या सरळ वर उकळतात. वारा सुटला की एका अंगाला कलतात, जोर वाढला की नदीसारख्या आडव्या धावतात. ध्वज जिथे नाही तिथलाही वारा मृगजळ सांगते. खोटे ते नाहीच. आपण त्याच्याकडे पाण्याची मागणी करतो, हा आपला दोष.

बाकी हवामानाचेही आपापले हिशेब आहेत. उन्हात तापलेल्या काडतुसाची गोळी जास्त वेगाने निघते आणि लांब अंतरावर वर लागते. म्हणून काडतुसांची पेटी सावलीत ठेवायची. उंच ठिकाणी हवा विरळ, म्हणून गोळीला उशीर कमी. दमट हवा जड असते अशी आपली सर्वांची समजूत. खरे तर पाण्याची वाफ हवेपेक्षा हलकी, म्हणून दमट हवा किंचित हलकीच असते, आणि तिचा परिणाम इतका थोडा की तो विसरला तरी चालतो. मावळातल्या आषाढात 'दमटपणामुळे' काही चुकले असे आता आमच्या घरात कुणी म्हणू शकत नाही.

पावसाळा संपता संपता पुढची स्पर्धा आली. जाकीट माळ्यावरून कधी उतरले ते मला कळले नाही. मी मागे प्रेक्षकांत बसलो होतो. साठ गोळ्यांना पन्नास मिनिटे. आभाळ तुटक होते. ऊन आले की वारा उठायचा, ढग आला की पडायचा. पहिली वीसएक गोळ्या ठीक गेल्या. मग ध्वज एकाएकी उलटले. आजूबाजूला गोळ्या सुटतच होत्या. माझ्या मुलीने रायफल खांद्यावरून उतरवली, गाल बाजूला घेतला आणि ती नुसती बघत पडून राहिली. एक मिनिट गेले, दोन गेली. माझ्या हाताला घाम सुटला. तीन मिनिटे. झोप लागली की काय हिला? मला ओरडावेसे वाटले. चौथे मिनिट संपत आले तेव्हा ध्वज पुन्हा पूर्वीच्या बाजूला आला आणि तिने गाल रायफलीला टेकवला.

पदक मिळाले नाही. ती पंधरावी आली. उन्हाळ्यात तिचा क्रमांक विचारू नये असा होता. परतीच्या गाडीत ती पुन्हा खिडकीशी बसली. मी पुन्हा कात्रजच्या बोगद्यापर्यंत थांबलो आणि म्हणालो, "आजही वारा फार होता नाही?"

"होता की," ती म्हणाली. "पण चार गोळ्या मी चुकीच्या वाचल्या. एकोणचाळीसपासून बेचाळीसपर्यंत. ढग सरला ते दिसलं होतं मला, तरी मारल्या."

मी खिडकीबाहेर बघू लागलो. माझा पीएच.डी.चा प्रबंध गेली अकरा वर्षे अपुरा आहे. मार्गदर्शक निवृत्त झाले, अभ्यासक्रम बदलला, पेपर तपासणी आली, विजेचे भारनियमन आले, असा प्रत्येक वर्षाचा वारा मी तारीखवार सांगू शकतो. माझ्याबरोबर नाव नोंदवलेले दोघे त्याच वाऱ्यात डॉक्टर झाले, हे मात्र मी कुणाला सांगितलेले नाही.

परवा आम्ही फराळाचे डबे घेऊन तात्यांकडे गेलो. खोऱ्यात हळवे भात कापून झाले आहे. कुठे खळ्यावर झोडणी, कुठे वारवणी. तात्या तिपाईवर सूप घेऊन उभे होते, खाली दाण्यांची रास आणि वाऱ्याच्या अंगाला भुशाचा ढीग. नातीने पाया पडून सगळा वृत्तांत सांगितला, पंधरावा क्रमांकही. तात्या चार गोळ्यांपाशी थांबले. "ढग सरला तवा दिसला होता म्हणतीस?" त्यांनी पुन्हा विचारून घेतले. "मंग झालं की." एवढेच. पण सूप त्यांनी तिच्या हाती दिले आणि तिपाईवरून उतरले.

ती वर चढली. मी खालून सूप भरून देऊ लागलो. दोन-तीन सुपे झाली आणि वारा पडला. राजगडावरचा ढग जागचा हलेना, ओढ्यावरचे बांबू गप्प झाले. मी चौथे सूप भरून तिच्यापुढे केले. तिने ते घेतले, खांद्याशी धरले आणि ओतले मात्र नाही. तोंड पश्चिमेकडे करून ती तशीच उभी राहिली.

"अगं, ओत की," मी म्हणालो.

"थांबा बाबा," ती म्हणाली. "येतोय."